शांत गल्लीत राहायचं म्हणजे

जुन्या, शांत उपनगरात राहणाऱ्या आणि राहू पाहणाऱ्या वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. माझ्याविषयी एवढंच सांगते, की जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम आहे आणि गेली ३१ वर्षं मी अशाच एका उपनगरात, शंभरी ओलांडलेल्या घरात राहते आहे.

प्रश्न: ताई, आम्ही नवराबायको १२ वर्षं मोठ्या रस्त्यावरच्या सदनिकेत राहतोय. नुकतंच एका जुन्या उपनगरातलं घर पाहिलं. रविवारी सकाळी गेलो होतो, पान हललं तरी ऐकू येत होतं. इतकी शांतता खरी असते का? आणि आम्हाला ती सोसेल का?

उत्तर: रविवारी सकाळी पाहिलेलं घर तुम्ही अजून पाहिलेलंच नाही, असं धरून चाला. त्याच गल्लीत कामाच्या दिवशी सकाळी आठला जा, शाळा सुटायच्या वेळी जा, रात्री अकरानंतर जा आणि जमलं तर भर पावसात जा. मागच्या खोलीत खिडकी उघडून दहा मिनिटं नुसते बसा. घर दाखवणारा माणूस बोलत राहिला, तर त्याला थोडा वेळ बाहेर थांबायची विनंती करा.

शांतता खरी असते. पण तिथे आवाज नसतात असं नाही, आणि सुरुवातीला त्या बारीक आवाजांचाच त्रास होतो. आमच्या घरातल्या पहिल्या रात्री मला झोप लागली नव्हती. दिवसभर तापलेला लाकडी जिना निवायला लागला, की पायरीपायरीनं करकरतो. माळ्यावरच्या टाकीत थेंब पडत होता. कुठेतरी फाटकाची कडी वाऱ्यानं वाजत होती आणि ते फाटक आमचं की शेजारचं, हे मला कळेना. यातलं बरंचसं जुन्या घरीही होतं, पण तिथे ते वाहनांच्या अखंड घरघरीखाली दबलेलं असायचं. तीनेक आठवडे गेले आणि एका सकाळी लक्षात आलं, की जिना रात्री करकरला असेल पण मी जागी झाले नाही.

दुसरी गोष्ट, रात्री दूरची रेल्वे उशाशी आल्यासारखी वाटेल. तो भास नसतो. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते, तिच्या लगतची हवा थंड होते आणि वरची हवा त्या मानानं उबदार राहते. वर निघालेला आवाज त्या उबदार थरातून पुन्हा खाली वळतो आणि दिवसा जिथे पोचत नाही तिथे पोचतो. म्हणून रेल्वेमार्ग किंवा महामार्ग लांब आहे एवढ्यावर विसंबू नका, रात्री जाऊन ऐका.

वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ३ डेसिबलनं उतरतो. म्हणजे रस्ता ५० मीटरवर असो की १०० मीटरवर, आपल्याला वाटतो तेवढा फरक पडत नाही. मधे घरांची सलग ओळ असेल तर मात्र मोठा फरक पडतो. झाडांची एक रांग डोळ्यांना निववते, आवाज फारसा अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची जी मर्यादा सुचवली, ती घराबाहेर ४० डेसिबलची आहे. तुमच्या मनातल्या घराबाहेर रात्री एवढं कमी ऐकू येत असेल, तर ते घर सहज हातचं जाऊ देऊ नका.

आणि ती शांतता आपोआप आलेली नाही हेही सांगते, कारण मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. शिकागोजवळचं रिव्हरसाइड हे उपनगर १८६९ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या रचनाकारांनी आखलं, तेव्हा रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवले. माणसाची चाल मंद व्हावी, मन निवांत व्हावं, हा हेतू त्यांनी लिहूनही ठेवला होता. लंडनमधल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी तर १९०६ साली वेगळा कायदाच करून घ्यावा लागला. तेव्हाच्या स्थानिक नियमांत बंद गल्लीला परवानगी नव्हती, ती या कायद्यानं मिळाली. एकरी सरासरी आठांपेक्षा जास्त घरं नकोत, समोरासमोरच्या घरांत किमान ५० फूट अंतर हवं, अशी आखणी झाली. हे उपनगर जिच्या ध्यासातून उभं राहिलं त्या हेन्रिएटा बार्नेटना भिंतींऐवजी झुडपांची कुंपणं हवी होती आणि चर्चच्या घंटांचा आवाजही नको होता. तुम्ही पाहिलेल्या गल्लीलाही असंच एखादं कारण असेल. रस्ता पुढे बंद होतो का, वळण कुठे आहे, जवळपासची वाहनं या गल्लीचा आडवाट म्हणून वापर करतात का, एवढं बघा. आडवाट असेल तर रविवारची सकाळ विसरा.

प्रश्न: आमचं घर बहुधा ११० वर्षांचं असावं. दिवाणखान्याच्या भिंतीला ओल होती म्हणून तीन वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा पक्का गिलावा आणि वर जलरोधक रंग केला. आता ओल आधीपेक्षा वर चढली आहे, आतून पोपडे निघतात आणि पांढरी पूड झडते. आता आणखी कोणता थर द्यावा?

उत्तर: आता कोणताही थर देऊ नका. हे वाक्य मी दर महिन्याला कुणाला तरी सांगते आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण खर्च झालेला असतो.

तुमची भिंत ज्या काळातली आहे, त्या काळी बहुतेक भिंती जाड असत, मऊ विटांच्या किंवा दगडांच्या असत आणि चुन्यात बांधलेल्या असत. अशा भिंतीत पाणी शिरतं हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. पावसात ती थोडी भिजते, ऊनवाऱ्यात सुकते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते म्हणून वर्षानुवर्षं हे चालतं. सिमेंटचा घट्ट थर आणि जलरोधक रंग यांनी तुम्ही बाहेरची वाट बंद केलीत. पाणी मात्र जमिनीतून आणि गिलाव्याच्या बारीक भेगांतून येतंच आहे. बाहेर जाता येत नाही म्हणून ते वर चढतं आणि आत निघतं. वाटेत विटांतले क्षार विरघळवून घेतं. आतल्या पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, फुगतात आणि रंग ढकलून देतात. तुम्हाला दिसते ती पांढरी पूड म्हणजे हा लोणा.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीची हीच गत होती. आधीच्या मालकांनी कळवळ्यानंच सिमेंट लावलं होतं. मी पहिली दोन वर्षं भिंतीला हातच लावला नाही, फक्त पाणी कुठून येतं ते शोधलं. तुम्हीही तेच करा. जोरात पाऊस लागला की छत्री घेऊन बाहेर उभं राहा. पन्हळ तुंबून पागोळ्या भिंतीवर येतात का? उतरत्या नळाचा सांधा मागच्या बाजूनं गळतोय का? त्या नळाच्या मागे हात घालून बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. मग जमीन बघा. जुन्या घरांभोवती दर पिढी थोडी माती, थोडी फरशी चढवते आणि एक दिवस बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या पातळीला येते. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर, म्हणजे अर्धा फूट, खाली हवी. आमच्याकडे अंगणातली फरशी भिंतीपासून हातभर मागे घेतली, तिथे चर खणून खडी भरली आणि पन्हळ साफ केली. अर्धी ओल एवढ्यानंच गेली.

त्यानंतर सिमेंट काढायचं. घाई करू नका. ते विटेचं तोंड घेऊन निघत असेल तर तिथे थांबा, तेवढा तुकडा राहू द्या. उघडी भिंत सुकू द्यायची. जाडीच्या दर इंचाला एक महिना हा आमच्या कामातला ढोबळ हिशेब आहे, म्हणजे १४ इंची भिंतीला वर्षाहून जास्त. लोकांना हे पटत नाही. ओल्या भिंतीवर चुना लावला तरी तो बिघडतो आणि मग दोष चुन्याला दिला जातो.

गिलावा चुन्याचा, पातळ थरांत. चुना सिमेंटसारखा पाण्यानं आवळत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. म्हणून प्रत्येक थरावर ओलं गोणपाट टांगायचं, रोज हलकं पाणी शिंपडायचं आणि कडक ऊन टाळायचं. विटांच्या दरजा भरतानाही मसाला विटेपेक्षा मऊच हवा. झीज व्हायचीच असेल तर ती दरजेची होऊ द्या, ती पुन्हा भरता येते; वीट गेली की गेली. वर चुन्याची सफेदी. दर काही वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागेल.

गवंडी निवडताना एकच प्रश्न विचारा: चुना किती दिवस मुरवणार? जो लगेच सिमेंटची बाजू मांडायला लागेल, त्याला जाऊ द्या. आणि जुने रंग कोरडे घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांना फार अपायकारक असते. ओलं करून काढा आणि मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा.

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे, एकटी राहते. भाडं परवडलं म्हणून या जुन्या, शांत वसाहतीत आले. इथे मी किती वाजता येते, माझ्याकडे कोण येतं, सगळं सगळ्यांना माहीत. परवा घरमालकांना कुणीतरी सांगितलं, की मी रात्री दोनला आले. माझं काम रात्री उशिरा संपतं. ताई, ही शांतता मला गुदमरवते आहे.

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझी चूक काहीच नाही, हे आधी सांगते.

शांत गल्लीत एक गोष्ट अशी होते, की मोठ्या रस्त्यावर शंभर दारं वाजतात आणि कुणाचं कुणाला कळत नाही, पण इथे रात्री दोनला एकच फाटक वाजतं. ज्यांची झोप सावध आहे त्यांना ते ऐकू येणारच. ऐकू येणं वेगळं आणि घरमालकाला जाऊन सांगणं वेगळं. पहिल्यावर कुणाचा इलाज नाही. दुसरं थांबवता येतं.

मी काय करीन ते सांगते. शेजारच्या घरात दिवसाउजेडी एकदा जाईन आणि स्वतःहून सांगेन, की माझं काम रात्री उशिरा संपतं, मी एक-दोनच्या सुमारास येते, फाटक वाजलं तर मीच आहे, घाबरू नका. एवढंच सांगायचं, कोण येतं-जातं याचा हिशेब द्यायचा नाही. लोक माहितीची पोकळी अंदाजानं भरतात, आणि एक साधं वाक्य कळलं की बहुतेकांचं कुतूहल संपतं. फाटकाच्या बिजागरीत तेल घाल. घरमालकांना मात्र कामाच्या वेळा लेखी कळव आणि भाडेकरारात येण्याजाण्याच्या वेळेची अट नाही, हे त्याच पत्रात शांतपणे नोंदव.

मला इथे येऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा एकदा तापानं मी स्वयंपाकघरात पडले. घरात दुसरं कुणी नव्हतं. समोरच्या आजींनी पाहिलं, की दुपारचे बारा वाजले तरी आमचा दिवा चालू आहे, आणि त्या दार ठोठावत राहिल्या. त्याआधी दीड वर्ष त्यांच्या खिडकीचा मला राग यायचा. तू हे सोसावंस म्हणून सांगत नाही. तुला तिथे अजून एखादी आजी भेटली नसेल, एवढंच वाटतं. पण दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही आणि पाळत चालूच राहिली, तर घर बदल. त्यात हार नाही.

प्रश्न: फाटकाजवळच्या जुन्या झाडाभोवती चिखल होतो म्हणून आमची समिती बुंध्यापर्यंत काँक्रीट करणार आहे. झाडाला काही होईल का?

उत्तर: होईल, फक्त ते लगेच दिसणार नाही, म्हणून तर दोष कुणावर येत नाही. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. काँक्रीटनं दोन्ही तुटतं, शेंडे काही वर्षांत वाळायला लागतात आणि मग एखाद्या वादळात झाड जातं. बुंध्याभोवती जेवढं मोठं जमेल तेवढं आळं मोकळं ठेवा, त्यात पालापाचोळ्याचा थर टाका, बुंध्याला मात्र तो टेकू देऊ नका. चालायच्या वाटेवर वाळूत बसवलेले सुटे दगड घाला, पाणी फटींतून मुरेल. कुणी गाडी लावून माती दाबत असेल तर तिथे दोन मोठे दगड ठेवून द्या. समितीच्या बैठकीला तुम्ही स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नका.

प्रश्न: आई ७८ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून उपनगरातल्या जुन्या घरात एकटी राहते. मी दुसऱ्या शहरात. तिला माझ्याकडे आणायचं आहे, ती तयार नाही. "इथे मला सगळं माहीत आहे," म्हणते. मी हट्ट करावा का?

उत्तर: यंदा करू नका. चार दिवस सुट्टी काढून जा आणि ती जिथे जिथे जाते तिथे तिच्या चालीनं तिच्याबरोबर चाला. ती रस्ता कुठे ओलांडते, फुटपाथ कुठे मुळांनी उचलला गेलाय, बसायला कुठे जागा आहे, संध्याकाळी सातनंतर कोणत्या दिव्याखाली अंधार असतो, हे सगळं वहीत लिहा. जुन्या उपनगरांची आखणी चालणाऱ्या माणसांसाठी झाली, पण दुकानं बहुधा कडेला राहिली, आणि ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी तो अर्धा किलोमीटर फार मोठा होतो. रोजचं सामान घरपोच येतं का ते बघा, पण सगळंच घरपोच करून टाकू नका. दुकानापर्यंतची फेरी हे तिचं माणसांत जाणं असतं.

घरात जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, पलंगावरून हात पोचेल असा दिवा हवा, उंच उंबऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी हवी. जुनी वायरिंग एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. हे सगळं आठवड्याभराचं काम आहे.

ती म्हणते ते खरं आहे. तिच्या हाताला अंधारातही कडी सापडते, आणि नव्या जागी या वयात ते पुन्हा शिकावं लागतं. पण एक गोष्ट मी माझ्या गल्लीत पाहिली आहे. ओळखीची घरं एकेक करून बंद होतात, नवे लोक सकाळी गाडीत बसून जातात आणि रात्री गाडीतून उतरतात, आणि जी शांतता पन्नाशीत हवीहवीशी होती ती ऐंशीत दिवसभर अंगावर येते. म्हणून तिला विचारायचा प्रश्न असा आहे: आई, आज दिवसभरात तू कुणाशी बोललीस? रोज कुणाचं तरी नाव आलं, तर तिला तिथेच राहू द्या. आठवडाभर नाव आलं नाही, तर पुन्हा बोला, आणि तेव्हा घर विकायचा विषय न काढता बोला.

प्रश्न: आमच्या पूर्ण गल्लीला वारसा परिसराचा दर्जा द्यायचं चाललं आहे. मोठा भाऊ म्हणतो, आपलं घर सरकारजमा झाल्यासारखं होईल, खिळाही ठोकता येणार नाही. मला दर्जा मिळावासा वाटतो. खरं काय?

उत्तर: भावाची भीती अगदी निराधार नाही, पण खिळ्याचं म्हणणं खरं नाही. मालकी तुमचीच राहते. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे, म्हणून ऐकीव गोष्टींवर भांडण्याआधी मसुद्याची प्रत मिळवा आणि दोघांनी एकत्र बसून वाचा. तीन गोष्टी शोधा: फक्त बाहेरच्या रूपावर बंधन आहे की आतल्यावरही, रोजच्या दुरुस्तीला परवानगी लागते का, आणि अर्जावर किती दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तिसरी गोष्ट लोक विचारत नाहीत, आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. गळकं छत परवानगीची वाट बघत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर हरकत नोंदवताना तेवढीच मागणी करा.

एकेका इमारतीऐवजी अख्खा परिसर जपायचा, ही कल्पना इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्यानं आली. आज तिथे असे सुमारे १०,००० परिसर आहेत आणि त्यांत माणसं नेहमीसारखी राहतात, न्हाणीघरं नवी करतात, मुलांसाठी खोल्या बदलतात. लंडनचंच बेडफर्ड पार्क हे उपनगर घ्या. जोनाथन कार यांनी १८७५ मध्ये ते वसवायला घेतलं, आधीची झाडं राखून घरं बांधली. पुढे १९६० च्या दशकात तिथली घरं पाडली जाऊ लागली. रहिवाशांनी १९६३ मध्ये संस्था काढली आणि १९६७ मध्ये साडेतीनशेहून जास्त घरांना संरक्षण मिळालं. ते उपनगर आज पाहता येतं ते त्या रहिवाशांमुळे. बर्लिनमध्ये ब्रूनो टाउट या वास्तुरचनाकारांनी १९२० च्या दशकात साध्या कामगार-कर्मचाऱ्यांसाठी आखलेली वसाहत, घोड्याच्या नालाच्या आकाराची, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे दारांचे आणि भिंतींचे रंगसुद्धा रचनेचा भाग मानले जातात. असं काही तुमच्याकडे आलं तर भावाला आवडणार नाही, हे मला मान्य आहे.

माझं मत विचाराल, तर दर्जाच्या बाजूनं उभ्या राहा. एका घराचं जुनेपण त्याच्या शेजाऱ्यांवर उभं असतं. तुम्ही कितीही जपलंत आणि शेजारी आठ मजले आले, तर ऊन गेलं, वारा गेला, भिंत सुकेनाशी झाली. पण भावाला एकटं पाडू नका. बंधनं वाढतात आणि दुरुस्तीचा खर्चही वाढतो. जुन्या पद्धतीनं काम करणारे सुतार-गवंडी कमी उरलेत, ते वेळ घेतात आणि मोबदलाही. कर सवलत किंवा दुरुस्तीला मदत मिळते का, हे त्याच मसुद्यात बघा. मिळत नसेल तर गल्लीनं मिळून मागा.

खिडक्यांबद्दल एक सांगून ठेवते, कारण दर्जा मिळायच्या आधी घाईनं लोक त्याच बदलून टाकतात. जुन्या चौकटींचं लाकूड बहुधा सावकाश वाढलेल्या झाडांचं असतं, आज तसं मिळणं कठीण आहे. आवाज किंवा वारा येत असेल तर फटी बुजवा आणि आतल्या बाजूनं दुसरं तावदान बसवा. दोन काचांत १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर ठेवलं, तर आवाजासाठी ते बारीक फटीच्या जोडकाचेपेक्षा चांगलं काम करतं, आणि पुढे काढायचं झालं तर मूळ खिडकी जशीच्या तशी राहते.

प्रश्न: ४४ वर्षं राहिलेलं घर विकते आहे. गुडघ्यांना जिना होत नाही. घेणारं जोडपं तरुण आहे, मुलगी लहान आहे. कागदपत्रं वकील बघतील. पण घराबद्दल मी त्यांना काय काय सांगू?

उत्तर: ताई म्हणून तुम्ही मला लिहिलंत, पण वयानं तुम्ही मोठ्या आहात आणि हे पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

वही घ्या. एका बैठकीत लिहू नका, एकेका खोलीत बसून लिहा. पाण्याची मुख्य तोटी कुठे आहे आणि ती किती फेऱ्यांत बंद होते. कोणत्या वाऱ्याचा पाऊस कोणत्या खिडकीतून आत येतो आणि खाली काय ठेवायचं. छपरावर कुठून चढायचं, कुठे पाय द्यायचा नाही. पन्हळ कोणत्या महिन्यात साफ करायची. कोणती भिंत चुन्याची आहे आणि कोणत्या भिंतीत पुढे कुणीतरी सिमेंट घातलं. जुनी कौलं उरली असतील तर कुठे रचून ठेवली आहेत. तशी आता मिळणार नाहीत, त्यांना तसं सांगा. तुमच्या विश्वासाच्या सुताराचा पत्ता त्यांना द्या आणि एकदा समोरासमोर ओळख करून द्या. झाडं कुणी कधी लावली तेही लिहा. तुमच्या मुलांच्या उंचीच्या खुणा जर दाराच्या चौकटीवर केलेल्या असतील, तर त्या तुमच्या आहेत, पण त्या तशाच राहू द्याल का, हे त्यांना विचारून बघा. आमच्या घरी आधीच्या मुलांच्या खुणा होत्या, आम्ही त्याच चौकटीवर पलीकडच्या बाजूला आमच्या मुलांच्या केल्या. तिथे आजवर रंग लावलेला नाही.

आणि किल्ल्या देताना मागच्या दाराची किल्ली वेगळी काढून त्या मुलीच्या आईच्या हातात द्या. जुन्या कुलपाला एक खोड असते, दार थोडं वर उचलून धरल्याशिवाय ते फिरत नाही. तुमच्या हाताला ते कळतं, त्यांच्या हाताला कळत नाही. दोन-तीन वेळा त्यांना स्वतः उघडायला लावा.